अर्धवट बंद केलेल्या हीट एक्स्चेंजरच्या शेलला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो का?

सरकीतेल_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या सरकी तेलाच्या रिफायनरीसाठी विचारतोय. दोन शेल अँड ट्यूब एक्स्चेंजर (बाहेर शेल म्हणजे मोठं नळकांडं, आत ट्यूबांचा गठ्ठा, एकातली उष्णता दुसऱ्यात जाते) धड चालू नाहीत आणि धड बंदही नाहीत.

पहिला एचई-२, तेलाचा स्टीम हीटर. शेलमध्ये वाफ, ट्यूबमध्ये तेल. शेल १६ इंची पाइपचं, जाडी ९.५ मिमी, डिझाइन प्रेशर ७ किलो (प्रति चौरस सेंमी, पुढेही तसंच). ट्यूबा १९ मिमीच्या, ३ मीटर लांब, साधारण ११०, म्हणजे २० चौरस मीटर धरा. फिक्स्ड ट्यूबशीट (ट्यूबांची टोकं धरणाऱ्या प्लेटा शेललाच पक्क्या), शेलला बेलो (प्रसरण झेलणारी घडी) नाही. आता तेल अलीकडच्या नव्या प्लेट एक्स्चेंजरमधूनच १०५ ते ११० अंशांना तापून येतं, त्यामुळे इथे वाफ लागत नाही. पण ट्यूबकडून बायपास नाही, म्हणून तेल अजून याच्यातूनच ब्लीचरला (तेलाचा रंग काढणाऱ्या व्हेसलला) जातं. तेलाचा पंप १२ घनमीटर ताशी, शट-ऑफ प्रेशर (पुढची वाट बंद असतानाचं) ९ किलो.

वाफेचा ५० एनबी (पाइपचं नाममात्र माप, मिमीत) ग्लोब व्हॉल्व्ह बंद करून त्याचं चाक काढून ठेवलंय. कंडेन्सेटची (थिजलेल्या वाफेच्या पाण्याची) लाइन सगळ्यांची एकच आहे, म्हणून ट्रॅपच्या (वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या) पुढचा व्हॉल्व्हही बंद. शेलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुसऱ्या व्हेसलला लावला आणि त्या नॉझलला डमी (बंद झाकण) मारली. बॉयलर हेडर १०.५ किलो, पीआरव्हीनंतर (प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतर) ५ किलो.

दुसरा एचई-५, तयार तेलाचा कूलर. उघड्यावर आहे, पश्चिमेचं ऊन थेट लागतं. ट्यूबकडचं तेल काढून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केलेत. शेलमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी तसंच भरलेलं, इन आणि आउट दोन्ही बंद. गेल्या शटडाऊनला तिथले जुने गेट व्हॉल्व्ह काढून बॉल व्हॉल्व्ह लावले. शेलचं डिझाइन ४ किलो. पुढच्या हंगामात हा परत लागू शकतो. बाजूची तेलाची लाइन अधूनमधून वाफेने फुंकतात.

ऑडिटवाल्याने दोन्हींवर "ओव्हरप्रेशर प्रोटेक्शन नाही" असा शेरा मारलाय. आमच्याकडे म्हणणं असं पडलं की वापरातच नसलेल्या शेलला प्रेशर येणार कुठून? सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवायचा का, आणि कोणत्या साइजचा? की नुसता व्हेंट उघडा ठेवला तर चालेल?

---

सातपुडा_प्रोसेस (शिरपूर)

भाऊ, शेरा बरोबर आहे. आणि एचई-५ चं काम आजच करा, एचई-२ च्या आधी.

एचई-५ आधी घेतो. पाण्याने काठोकाठ भरलेलं, दोन्हीकडून घट्ट बंद केलेलं शेल. १६ इंची, ९.५ मिमी जाडीच्या शेलचा हिशोब केला, म्हणजे पाण्याचं प्रसरण, लोखंडाचं प्रसरण आणि शेलचा थोडा ताण या तिन्ही गोष्टी धरल्या, तर ३० अंशांच्या आसपास पाणी दर अंशाला साधारण ४ किलो प्रेशर चढवतं. ६० अंशांच्या आसपास दर अंशाला ७ किलो. तुमचं शेल वेगळ्या मापाचं असेल तर आकडा थोडा हलेल, पण गोष्ट तीच. डिझाइन ४ किलो, म्हणजे एक अंश पुरतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पहाटेचं पाणी आणि दुपारी चारचं पाणी यांत किती अंशांचा फरक पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

मग आजवर काही झालं कसं नाही? कारण जुने गेट व्हॉल्व्ह पासिंग होते, म्हणजे बंद असूनही गळत होते. उन्हाने मिळणारी उष्णता एक-दीड किलोवॅटच्या वर जात नाही, आणि तेवढ्याने वाढणारं पाणी तासाला जेमतेम अर्धा लिटर. तेवढं जुन्या सीटमधून झिरपून जातं, कुणाला पत्ताही लागत नाही. आता तुम्ही सॉफ्ट सीटचे बॉल व्हॉल्व्ह लावलेत, थेंब सोडत नाहीत. गळती बंद केली आणि त्याबरोबर नकळत मिळणारी सुटकाही बंद केली. पहिल्यांदा चॅनेलकडची किंवा नॉझलची गॅस्केट फुंकेल. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर भागेल.

आणि ती वाफेने फुंकायची सवय. तुमच्या लाइन-अपमध्ये फुंकायची वाफ एचई-५ च्या ट्यूबपर्यंत पोचू शकते का ते बघा. ट्यूबमध्ये वाफ आणि शेलमध्ये कोंडलेलं पाणी, असं झालं तर ऊन परवडलं म्हणाल. २००८ च्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात हेच घडलं, फक्त शेलमध्ये पाण्याऐवजी द्रव अमोनिया होता. रप्चर डिस्क (ठराविक दाबाला फुटणारी चकती) बदलायला रिलीफच्या खालचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तो परत उघडला नाही. दुसऱ्या दिवशी अमोनियाचा प्रेशर कंट्रोलकडे जाणारा व्हॉल्व्हही बंद केला आणि प्रोसेस लाइन साफ करायला वाफ सोडली. ती ट्यूबमधून गेली, अमोनिया तापला, एक्स्चेंजर फुटला. एक कर्मचारी गेला. त्या वेळी एक्स्चेंजर "कामात" नव्हताच.

आता एचई-२. "प्रेशर येणार कुठून" याचं उत्तर तुमच्याच माहितीत चार ठिकाणी आहे.

एक, वाफेचा ग्लोब व्हॉल्व्ह. चाक काढलं म्हणून सीट घट्ट होत नाही. पासिंग झाला तर शेलला ५ किलो. पीआरव्ही बिघडून उघडी राहिली तर १०.५ किलो, शेल ७ चं. पीआरव्हीनंतर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का, किती किलोला सेट आहे आणि पीआरव्ही पूर्ण उघडल्यावर येणारी सगळी वाफ त्याला झेपते का, हे लिहिलं नाहीत.

दोन, पासिंग वाफ शेलमध्ये थिजते, ट्रॅपच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद, पाणी जायला वाट नाही. हळूहळू शेल कंडेन्सेटने काठोकाठ भरतं. सोमवारी सकाळी गार प्लांट सुरू करता, ३५ अंशांच्या शेलमधल्या ट्यूबांत ११० अंशांचं तेल येतं. वर एचई-५ साठी जे सांगितलं तेच, फक्त उष्णता शेकडो पट जास्त.

तीन, सामाईक कंडेन्सेट लाइन. ट्रॅपच्या पुढचा व्हॉल्व्ह पासिंग झाला आणि ट्रॅपमधून उलटं पाणी आलं तर लाइनमधला दाब शेलमध्ये.

चार, ट्यूब गळती. शेलमध्ये साचलेलं पाणी आणि त्यातली हवा ट्यूबला बाहेरून खड्डे पाडते. बारीक भोक पडलं की पंपाचे ९ किलो आज ना उद्या शेलमध्ये पोचणार, कारण शेल कुठेच उघडं नाही.

चालू एक्स्चेंजरला बाहेर जायला वाट असते. वाफ ट्रॅपमधून जाते, पाणी टॉवरला जातं. अर्धवट बंद केलेल्याला ती नसते, म्हणून त्याची अवस्था चालू असतानापेक्षा वाईट. दोनच मार्ग धरा. वापरात नसलेली बाजू पूर्ण तोडा, म्हणजे ब्लाइंड (फ्लँजमध्ये घालायची भरीव प्लेट) मारा, रिकामी करा आणि हवेला उघडी ठेवा. ते जमत नसेल तर ती बाजू चालू आहे असं समजून पूर्ण संरक्षण ठेवा. मधलं काही नको.

एचई-२ साठी मी पहिला मार्ग घेईन. वाफेला ब्लाइंड, कंडेन्सेटला ब्लाइंड, शेलच्या वरच्या नॉझलवरची डमी काढून उघडा व्हेंट, तळाशी उघडा ड्रेन. दोन्हींवर व्हॉल्व्ह नको.

---

तापी_फॅब्रिकेशन (भुसावळ)

ब्लाइंडबद्दल लिहितो, कारण गडबड तिथेच होते. पत्र्याचा तुकडा कापून फ्लँजमध्ये घालतात आणि त्याला ब्लाइंड म्हणतात.

जाडी काढायची सोपी रीत: दाब गुणिले ३, भागिले अनुमत ताण गुणिले १६, त्याचं वर्गमूळ, गुणिले गॅस्केटचा आतला व्यास. त्यात गंजासाठी दीड मिमी मिळवा. दाब १०.५ किलोचा धरा, ५ चा नाही, कारण पीआरव्ही कधीही दगा देते. साध्या प्लेटला ताण ११५ मेगापास्कल धरला तर ५० एनबीला अडीच आणि दीड, म्हणजे ४ मिमी येतो. ६ मिमी वापरा. ८० एनबीला सव्वापाच येतो, तिथेही ६. शंभरला सव्वासहा येतो, १० मिमी घाला. दोनशेला १२ च्या खाली जाऊ नका.

ब्लाइंडला शेपूट हवं. इन्सुलेशनच्या बाहेर दिसेल एवढं लांब, त्यावर पंच केलेला नंबर, साइज आणि जाडी. नंबर ब्लाइंड रजिस्टरमध्ये. शेपटाशिवायचा ब्लाइंड दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

गॅस्केट दोन्ही बाजूंना नवी, स्पायरल वुंड. एका बाजूला जुनी ठेवून दुसरीकडे नवी घातली की वाफ जुनीतून फुंकते. ब्लाइंड घातल्यावर जुने स्टड आखूड पडतात, दोन्हीकडे नट पूर्ण भरून एखादा आटा बाहेर दिसला पाहिजे.

आता जागा. तुमच्या ग्लोब व्हॉल्व्हच्या पुढे ब्लाइंड मारलात तर हेडरपासून व्हॉल्व्हपर्यंतचा तुकडा डेड लेग होतो. त्यात कंडेन्सेट साचतं आणि हेडर चालू-बंद करताना ठोके बसतात. ब्लाइंड हेडरच्या फांदीवरच मारा. तिथे फ्लँज नसेल तर डेड लेगच्या तळाला ट्रॅप ठेवा. साडेतीन किलोच्या वरची वाफेची लाइन आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमांत) येते, तिथे कापाकापी आणि वेल्डिंग करायचं तर आयबीआर वेल्डर आणि कागद लागणार. फ्लँजमध्ये ब्लाइंड घालण्यात वेल्डिंगच नाही, त्यामुळे तेच करा.

---

ऊस_ते_साखर (शहादा)

राम राम. सातपुडा भाऊंचं बहुतेक पटतं, पण एका ठिकाणी अडतंय. एचई-२ चा शेल ७ किलो, हायड्रो (पाण्याची दाब चाचणी) दीडपट केलेली असेल तर साडेदहा. ट्यूबकडचं जास्तीत जास्त ९. म्हणजे ट्यूब फुटली तरी शेल आपल्या टेस्ट प्रेशरच्या आतच राहतं. हाच तो दोन-तृतीयांशाचा नियम (कमी दाबाच्या बाजूचं डिझाइन जास्त दाबाच्या दोन-तृतीयांश असलं की पुरे). मग ट्यूब गळतीसाठी वेगळा रिलीफ कशाला?

आणि उघड्या व्हेंटपेक्षा पाऊण इंची थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह बसवून मोकळं व्हावं असं माझं मत. आमच्याकडे ज्यूस हीटरला बंद हंगामात शेल उघडंच ठेवतो, पण तिथे दोन्ही बाजू रिकाम्या असतात. इथे एका बाजूने तेल चालू आहे. व्हेंटमधून ११० अंशांचं तेल कुणाच्या अंगावर आलं तर?

---

सातपुडा_प्रोसेस (शिरपूर)

साहेब, नियम बरोबर, पण तो इथे लावताना दोन गोष्टी बघा.

दीडपट हायड्रो जुन्या व्हेसलची. एएसएमईच्या (प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडच्या) आठव्या विभागात १९९९ पासून टेस्ट प्रेशर १.३ पटीवर आलं, म्हणून दोन-तृतीयांशाचं दहा-तेरांश झालं. सातला १.३ ने गुणा, ९.१ येतात. पंपाचा शट-ऑफ ९. अगदी काठावर, आणि तोही मूळ जाडी शाबूत असेल तरच. नेमप्लेट कोणत्या वर्षाची, आजची जाडी किती, हे मोजल्याशिवाय त्या नियमावर टेकू नका. पंपाचा इम्पेलर कधी बदललाय का तेही बघा, पंपाच्या कर्व्हवरचा आकडा आणि आजचा आकडा एकच असेल असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो नियम ट्यूब अचानक पूर्ण तुटण्यासाठी आहे, जी गोष्ट क्वचित होते. चालू एक्स्चेंजरमध्ये बारीक भोकातून येणारं तेल बाहेरच्या वाटेने निघून जातं, प्रेशर चढत नाही. बंद शेलमध्ये तेच बारीक भोक शेलला आठवडाभर, महिनाभर ९ किलोवर ठेवतं, डिझाइन ७ असताना. आणि गेजही काढलेला असेल तर कुणाला कळणारही नाही. टेस्ट प्रेशर तासाभराच्या परीक्षेसाठी असतं, मुक्कामासाठी नाही.

थर्मल रिलीफबद्दल आकडे देतो म्हणजे वाद राहणार नाही. २० चौरस मीटर, साचलेल्या पाण्याला उष्णता जाण्याचा दर प्रति चौरस मीटर प्रति अंश १५० वॅट धरा, फरक ७५ अंश, म्हणजे २२५ किलोवॅट. गरम पाण्याचं प्रसरण दर अंशाला ०.०००७. गुणाकार करून पाण्याच्या घनता आणि विशिष्ट उष्णतेने भागलं की तासाला १४० लिटर. पाऊण बाय एक इंची व्हॉल्व्हचं सगळ्यात लहान ऑरिफिस (आतलं भोक) सुद्धा ७ किलोला तासाला सहा हजार लिटर पाणी सोडतं. म्हणजे प्रसरणासाठी पाऊण इंची उदंड. एक सावधगिरी, पुस्तकी तक्त्यात पाण्याचं प्रसरण ०.०००१८ दिलेलं असतं, ते गार पाण्याचं. ८० अंशांच्या पाण्याला ते चौपट कमी पडतं.

पण पीआरव्ही उघडी राहून वाफ घुसली, तर तो पाऊण इंची पुरेल याची हमी नाही. ट्यूब पूर्ण तुटली तरी तेच, कारण तुटलेल्या ट्यूबच्या दोन्ही तोंडांतून पंपाचं सगळं १२ घनमीटर येऊ शकतं. शिवाय तो व्हॉल्व्ह दरवर्षी काढून बेंचवर तपासायला लागतो. ज्या शेलमध्ये काही चालत नाही, त्याच्या व्हॉल्व्हकडे कोण बघणार? उघडी वाट बिघडत नाही.

तेल अंगावर येण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. म्हणून व्हेंट वर मोकळा आणि ड्रेन ४० एनबीने खाली सुरक्षित जागी, झाकण असलेल्या तेलाच्या खड्ड्यात, हाताला दिसेल पण अंगावर उडणार नाही असा. १२ घनमीटर ताशी ४० एनबीमधून सेकंदाला अडीच मीटरने जातं, शेलमध्ये प्रेशर जवळजवळ शून्य राहतं. ड्रेनखाली तेलाचा थेंब दिसला की ट्यूब गेली, हे ऑपरेटरला लॉगशीटवर दर पाळीत बघायला सांगा. बंद शेलमध्ये हे कळायला मार्गच नसतो.

(हे सगळं ११० अंशांच्या तेलासाठी. डीओडोरायझरच्या (तेलाचा वास काढणाऱ्या यंत्राच्या) २४० अंशांच्या तेलाशी लागून असं शेल असेल आणि आत पाणी राहिलं असेल तर वाफेचं संतृप्त प्रेशर ३३ बारच्या वर जातं. तिथे आत पाण्याचा थेंब नाही याची खात्री करूनच तेल सोडायचं, नाहीतर ट्यूबकडूनही बायपास केल्याशिवाय नाही.)

---

स्टॅटिक_धुळे

एक मुद्दा अजून कुणी घेतला नाही. फिक्स्ड ट्यूबशीट, बेलो नाही.

डिझाइनमध्ये शेल वाफेने दीडशेच्या आसपास आणि ट्यूबा त्याहून गार होत्या. म्हणजे शेल लांबायचं, ट्यूबा ताणल्या जायच्या. आता शेल गार आणि ट्यूबा ११० ला. उलटं झालं. ७० अंशांचा फरक, ३ मीटर लांबी, लोखंड: अडीच मिमी. शेल आणि ट्यूबा ते आपसांत वाटून घेतात, पण ट्यूबा आता दाबल्या जातात, मधल्या बॅफलच्या (ट्यूबांना आधार देणाऱ्या प्लेटांच्या) अंतरात वाकतात आणि ट्यूबशीटमधले रोल केलेले जोड ढिले होतात. त्यामुळे "ट्यूब गळती क्वचित" हे गृहीतच धरू नका, तुम्ही ती जवळ आणलीत.

उपाय स्वस्त आहे. शेलचं लॅगिंग (उष्णता राखणारं आवरण) काढू नका. ब्लाइंड मारताना लॅगिंगवाले उत्साहाने सगळं उतरवून भंगारात देतात. लॅगिंग असेल तर आतली हवा आणि शेल हळूहळू ट्यूबच्या जवळपास तापतात, फरक बराच कमी होतो. सुरू करताना तेल एकदम पूर्ण न सोडता थ्रॉटल करून अर्ध्या-पाऊण तासात तापमानाला आणा. थंड शेलवर ११० चं तेल धाडकन सोडणं हाच या जोडांचा सगळ्यात वाईट क्षण.

खरा इलाज ट्यूबकडून ८० एनबीचा बायपास स्पूल टाकून हीटर पूर्ण बाहेर काढणं. दोन फ्लँज, दोन एल्बो, एक पाइपचा तुकडा. एका शटडाऊनचं काम आहे, आणि मग ही निम्मी चर्चा संपते.

एचई-५ बद्दल: परत वापरायचा आहे, म्हणून पाणी काढून नुसता उघडा ठेवलात तर आतून गंजेल. टॉवरच्या पाण्याचा क्षार वाळून ट्यूबवर बसेल. पाणी काढा, गोड्या पाण्याने धुवा, गरम हवेने सुकवा, सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून झाकण लावा. नायट्रोजन भरायचा तर ०.२ किलो पुरे. पण नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये १५० किलो असतात आणि रेग्युलेटर बिघडला तर ते सगळे तुमच्या ४ किलोच्या शेलवर. रेग्युलेटरनंतर रिलीफ व्हॉल्व्ह लावल्याशिवाय सिलिंडर जोडून ठेवू नका. मी तरी सिलिका जेलच सुचवेन, सिलिंडर जोडून विसरण्याची आपल्याकडे परंपरा आहे.

---

खान्देशी_सेफ्टी (नंदुरबार)

गुडइयरचं वर आलंच आहे, त्याहून जवळचं उदाहरण लुइझियानातल्या गाइस्मारच्या विल्यम्स ऑलेफिन्स प्लांटचं, १३ जून २०१३. दोन रीबॉयलर (कॉलमचा द्रव उकळवणारे एक्स्चेंजर), एक चालू, एक राखीव. २००१ मध्ये दोन्ही वेगवेगळे बंद करता यावेत म्हणून व्हॉल्व्ह बसवले. रिलीफ व्हॉल्व्ह मात्र कॉलमच्या माथ्यावर. राखीव रीबॉयलरचे व्हॉल्व्ह बंद केले की त्याचा रिलीफशी संबंध तुटत होता. तो सोळा महिने राखीव होता आणि तेवढ्यात शेलमध्ये द्रव प्रोपेन साचलं. कुणी मुद्दाम भरलं नव्हतं. ट्यूबकडचं गरम पाणी सुरू केलं आणि शेल फुटलं. दोन जण गेले.

सरकीतेल भाऊ, तुमच्या एचई-२ ची हीच रचना आहे: बंद व्हॉल्व्ह, पलीकडे गेलेला रिलीफ, नकळत साचणारा द्रव, दुसऱ्या बाजूची उष्णता. माध्यम सौम्य आहे, एवढाच दिलासा.

म्हणून व्हॉल्व्हवर कुलूप आणि टॅग लावून ब्लाइंडचं समाधान मानू नका. कुलूप चुकून उघडण्यापासून वाचवतं, सीट गळण्यापासून नाही. आणि हा बदल एमओसीमध्ये (बदलांच्या मंजुरीच्या नोंदीत) घाला, पी अँड आयडीवर (पाइप-उपकरणांच्या आराखड्यावर) ब्लाइंड दाखवा. काढलेला सेफ्टी व्हॉल्व्ह दुसऱ्या व्हेसलला लावलात म्हणता, त्याचं सेट प्रेशर आणि क्षमता त्या व्हेसलशी जुळते का? ६ किलोला सेट केलेला व्हॉल्व्ह ४ किलोच्या व्हेसलवर म्हणजे शोभेची वस्तू. सक्षम व्यक्तीच्या तपासणीच्या दाखल्यात त्याचा नंबर बदलला का तेही बघा.

---

सरकीतेल_जळगाव

सगळ्यांचे आभार. एचई-५ चा व्हेंट उघडला, फिस्स करून पाण्याची चिळकांडी आली, म्हणजे प्रेशर होतंच. ड्रेन काढून रिकामा केला. पीआरव्हीनंतर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, ६ किलोला सेट, पण क्षमतेचा कागद सापडत नाही. दुसऱ्या व्हेसलचं डिझाइन ७ आहे, त्यामुळे तिथे ठीक.

एचई-२ साठी बायपास स्पूल दिवाळीच्या शटडाऊनला. तोवर ब्लाइंड, उघडा व्हेंट आणि ड्रेन. दोन शंका: शेल पूर्ण रिकामं न करता थोडी हवा ठेवली तर प्रसरणाला जागा मिळत नाही का? आणि उघडा व्हेंट धूळ-कचऱ्याने बुजला तर?

---

सातपुडा_प्रोसेस (शिरपूर)

हवेची गादी हिशोबात फार छान दिसते. ५ टक्के हवा असेल तर पाणी ३० वरून ६० अंशांवर गेलं तरी प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपासच वाढतं. पण ती हवा पाण्यात विरघळते, आणि पासिंग व्हॉल्व्हमधून येणारं पाणी तिची जागा घेतं. किती उरली हे बाहेरून दिसत नाही. ब्लाइंड मारेपर्यंतच्या काही तासांसाठी ठीक, त्यावर महिने काढू नका.

पीआरव्हीचा सेफ्टी व्हॉल्व्ह: कागद सापडेपर्यंत तो अपुरा आहे असंच धरा. व्हॉल्व्हवरच्या प्लेटवरून ऑरिफिस आणि क्षमता मिळते. पीआरव्हीच्या सीटचा केव्ही (प्रवाह-गुणांक) घेऊन १०.५ किलोला किती वाफ जाईल ते काढा आणि ताडून बघा. ब्लाइंड मारल्यावर एचई-२ ला त्याची गरज उरणार नाही, पण ५ किलोच्या हेडरवर बाकी जे काही लावलंय त्याला आहेच.

---

तापी_फॅब्रिकेशन (भुसावळ)

व्हेंट बुजण्याची शंका रास्त आहे. कुंभारीण माशी पाऊण इंची पाइपच्या तोंडात मातीचं घर बांधून टाकते, आठवडाही लागत नाही. सरकीच्या प्लांटला रुव्याची भर. म्हणून व्हेंट ४० एनबीच्या खाली नको, तोंड खाली वळवलेलं, त्याला ५ मिमी भोकांची स्टेनलेस जाळी. बारीक डासांची जाळी लावू नका, ती रुव्याने आठ दिवसांत नमदा होते. ड्रेनचं तोंड खड्ड्याच्या पाण्यात बुडवू नका, हातभर वर ठेवा.

ब्लाइंड मारायच्या दिवशीचा क्रम: हेडरचा व्हॉल्व्ह बंद आणि कुलूप, ट्रॅपच्या अलीकडचा ड्रेन उघडून वाफ आणि पाणी जाऊ द्या, व्हेंट उघडून हाताने नव्हे तर गेजने शून्य बघा, मग तासभर थांबा. तासाभराने ड्रेनमधून परत वाफ दिसली तर हेडरचा व्हॉल्व्ह पासिंग आहे. तेव्हा फ्लँज उघडायचा नाही, हेडरच बंद करून मगच. फ्लँज उघडताना आपल्यापासून लांबचे बोल्ट आधी ढिले करायचे, म्हणजे राहिलेलं काही असेल तर ते पलीकडे जातं.

---

स्टॅटिक_धुळे

आणि एचई-५ च्या दोन्ही बॉल व्हॉल्व्हच्या पोटातही पाणी राहतं. बंद स्थितीत बॉलच्या कप्प्यात अडकलेलं पाणी उन्हात तापलं की सीट पिचते. कूलर रिकामा झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह एकदा अर्धे उघडून ठेवा, पोट रिकामं होईल, आणि त्यानंतर टॉवरच्या बाजूच्या फ्लँजला ब्लाइंड. ट्यूबकडच्या नॉझलांनाही ब्लाइंड, नाहीतर पुढच्या वेळी लाइन फुंकताना वाफ तिथेच जाईल.